मफलर – एक नग

जूनमधला दुसरा शनिवार, सकाळी अकरा. ठिकाण: वारज्यातला आमचा नेमबाजी क्लब, म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा लांब हॉल. हजर: अध्यक्ष लेले, चौकीतून आलेले फौजदार, देखभाल पाहणारे सोपानराव आणि मी, सचिव.

एवढं इतिवृत्तात आहे, माझ्याच अक्षरात. पुढे जे घडलं ते तिथे नाही. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तीन वर्षं झाली. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

मी याद्या करणारी बाई आहे. क्लबचं सगळं सामान माझ्या रजिस्टरात होतं: हवेची पिस्तुलं, लाकडी मुठी, हवेचे सिलिंडर, छर्र्यांच्या डब्या. कशाला परवाना लागतो, कशाला नुसती ओळखपत्राची प्रत पुरते, याची वेगळी फाईल मी केली होती. नव्या सभासदांना ती मीच वाचून दाखवायचे. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

झालं असं – वरच्या मजल्यावरून आवाजाच्या तक्रारी यायला लागल्या. लेले म्हणाले, तुम्हीच काहीतरी मार्ग काढा. मी दुकानात चौकशी केली. दुकानदार जुना माणूस. “मॅडम, मूठ घ्या, पेटी घ्या, कानाला लावायचं घ्या. आवाज दाबायचं काही मागू नका. ते साहित्यात धरत नाहीत, हत्यारात धरतात.” मी मान डोलावली. आणि घरी येऊन फोनवरून मागवली. आवाज दाबणारी नळी. तिथे ती ‘मफलर’ नावाने मिळत होती. दोन बटणं दाबली की यादीतलं एक काम कमी होणार होतं. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

पार्सल क्लबच्या पत्त्यावर आलं, सोपानरावांनी सही करून घेतलं. मी ती नळी एकदाच पिस्तुलाला लावली. दोन छर्रे मारले. आवाज तेवढाच! तो पिस्तुलाचा नव्हताच मुळी – निशाणामागच्या लोखंडी पत्र्यावर छर्रा आपटायचा, त्याचा होता. पत्र्याला जुनी रबरी चटई बांधली असती तरी भागलं असतं. पुढे बांधली, आणि भागलं.

नळी तेव्हाच टाकून द्यायला हवी होती. मी ती खोक्यात घालून कपाटात ठेवली. आणि नोंदलीही – नोंद नसलेली वस्तू माझ्या कपाटात राहू शकत नाही. हसू नका. अनुक्रमांक एकतीस: मफलर, एक नग. खरं नाव लिहिलं असतं तर मी अडकले असते. काहीच लिहिलं नसतं तर मला चैन पडलं नसतं. त्या एका शब्दाने दोन्ही प्रश्न सुटले. लिहिताना मी स्वतःवर खूश होते, हेही सांगून टाकते.

मग तो शनिवार. तक्रार चौकीपर्यंत गेली होती, म्हणून फौजदार सामान बघायला आले. रजिस्टरवरून बोट फिरवता फिरवता एकतिसाव्या ओळीवर थांबले. “मफलर? पिस्तुलाला थंडी वाजते वाटतं?”

“पुण्यात आता थंडी राहिलीय कुठे, साहेब,” लेले म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी खोकं उघडायला लावलं.

“ही कुणी मागवली?”

“पार्सल म्याच घेतलं साहेब,” सोपानराव म्हणाले. “मला वाटलं गळ्यातला मफलर हाय.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य माझं होतं. त्यांना ते माहीत होतं. मलाही.

मी म्हणाले, “कपाटाची किल्ली सोपानरावांकडे असते.”

यात एक अक्षर तरी खोटं आहे का? नाही. किल्ली त्यांच्याकडे असायची. दुसरी माझ्या पर्समध्ये होती, पण ते कुणी विचारलं नव्हतं. हे वाक्य मी नंतर किती वेळा तपासलं असेल – दर वेळी निर्दोष निघतं. आणि तरी मी ते पुन्हा तपासायला घेते.

नळी जप्त झाली. जबाब सोपानरावांचा झाला. चौकीकडे जायला निघाले तेव्हा दारात थांबून ते हळूच म्हणाले, “मॅडम, काय सांगायचं राहिलं का?” मी म्हणाले, “बघते मी.”

मी काय बघितलं? पुढच्या बैठकीत त्यांना कामावरून कमी करायचा ठराव आला. त्याचा मजकूर मी लिहिला. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

तेव्हापासून सोसायटीच्या फाटकाशी पोलिसांची गाडी दिसली की मी आधी चपला शोधते – कुठे जायचं असतं मला? अनोळखी नंबर वाजला की उचलत नाही.

गेल्या सोमवारी वाजला तो नंबर ओळखीचा होता. सोपानरावांना कात्रजला एका कंपनीत रखवालदाराची जागा मिळते आहे. पोलीस पडताळणीत त्या जबाबाची चौकीतली जुनी नोंद आडवी आली. ही जागाही गेली तर या वयात त्यांना दुसरी कोण देणार? “मॅडम, क्लबचं एक पत्र द्या,” ते म्हणाले. “नळी माझी नव्हती, येवढंच लिवा. दुसरं काय बी नको.” कुणाची होती, हे त्यांनी विचारलं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. त्यांना ठाऊक नाही का? असणारच.

उद्या सकाळी दहाला ते पत्र घ्यायला येणार आहेत.

मी चार मसुदे केले. पहिल्या तिन्हींत मी कुठेच नाही: एकात ‘अनवधानाने’ आहे, एकात ‘गैरसमजातून’, एकात तर सगळा दोष कुरियरचा. चौथा दोन ओळींचा आहे. ती नळी मी मागवली होती. रजिस्टरात मफलर हा शब्द मी लिहिला.

चौथा छापून घेतला. जावक क्रमांक टाकला, क्लबचा शिक्का मारला. सही अजून केलेली नाही.