कमलची सुई आणि माझा दंड

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात तसे हे किस्से साठलेत. फेकवत नाहीत, सदराही होत नाही!

बंगलोरच्या मारतहळ्ळीला अजून शेतं होती तेव्हाची गोष्ट. माझ्या बायकोला, कमलला, शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन." मी जन्मभर सुई चालवलेला माणूस, पण बायकोच्या अंगात सुई म्हटल्यावर मलाच घेरी! नर्स शोधणं भाग होतं.

*

आधी पलीकडच्या गल्लीतला कंपाउंडर आणला. त्यानं आमच्या शेजाऱ्याला टोचलं, तीच सुई खांद्यावरच्या टॉवेलला पुसली आणि कमलकडे वळला!

"अहो, उकळा तरी!"

"सकाळी उकळलीय की, अण्णा!"

मी त्याला टॉवेलसकट बाहेर काढला.

*

मग कळलं, सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेली सरोजक्का आमच्या मागच्याच घरात राहते. तिचे पांढरे ब्लाउज चार वर्षं मीच शिवत होतो! मला वाटायचं, शाळेतली बाई.

"विचारलंत कधी?" ती म्हणाली. "माप घेताना तुमचीच बडबड!"

*

शेजारच्या दुकानातल्या नामदेवअण्णा शिंप्यानं कात्रीनं अंगठा कापून घेतला. अक्कानं तीन टाके घातले. अण्णानं चष्मा लावून बघितलं.

"मधला तिरका पडलाय. उसवा!"

आम्ही हसलो. अक्कानं खरंच उसवला! परत घातला. अण्णानं परत चष्म्यातून बघितलं.

"आता सरी," म्हणजे बरोबर, असं म्हणून उठला आणि दारात जाऊन आडवा झाला.

*

अक्का रोज सकाळी यायची, आत जाऊन कमलला टोचायची. मी डोळे मिटून बाहेर. एक दिवस म्हणाली, "मी आठ-दहा दिवसांत होसकोट्याला लेकीकडे चालले, कायमची. वहिनींना स्वतः शिकावं लागेल."

कमलला जमलं नाही तर? परत तो टॉवेलवाला?

"शिकायला दंड लागेल कुणाचा तरी," अक्का म्हणाली. "औषध नाही, नुसतं सलाइन."

मी मर्दासारखी बाही वर केली.

आठ दिवस! रोज नवी सुई. रोज कमल म्हणायची, "अहो, हात थरथरला. उद्या परत बघू." मी दात आवळून, "शीक बाई, शीक!"

नवव्या दिवशी अक्का निरोप घ्यायला आली. मी रडकुंडीला आलो. "अक्का, हिला अजून जमत नाही हो!"

"कुणाला? वहिनींना?" अक्का चकित. "पहिल्याच दिवशी शिकल्या की! तेव्हापासून आत स्वतःच टोचून घेतायत. मी नुसती बघते!"

मी वळून कमलकडे बघितलं. ती सिरिंज भरत होती.

"अहो, आज दुसरी बाही."