बाण बंद केल्यावर

"गेम चांगला आहे. माझी रजा फुकट गेली."

निखिलने हा रिव्ह्यू मोठ्याने वाचला आणि आमच्याकडे बघितलं. रिव्ह्यूच्या बाजूला अंगठा खाली होता, म्हणजे नापसंत. चांगला आहे म्हणायचं आणि नापसंतीचं बटण दाबायचं, हे काय प्रकरण ते कोणालाच कळेना.

"काहीतरी क्रॅश झालं असेल," निखिल म्हणाला. "पुढचा."

पुढचे सगळे एका वळणाचे होते. पहिल्याची सर नाही. इतकी वर्षं थांबलो ते यासाठी? जीव ओतलेला दिसत नाही. 'पाणमाची २' बाजारात येऊन आठवडा झाला होता आणि आमच्या ठाण्याच्या ऑफिसात सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

मी गेम टेस्टर आहे. लोकांना वाटतं, मी दिवसभर गेम खेळते आणि त्याचा पगार घेते. खरं तर मी दिवसभर भिंतींवर डोकं आपटते. पात्र भिंतीतून आरपार जातंय का, दार दोनदा उघडलं तर गेम बंद पडतो का, असं बघायचं. जे चुकतं त्याला बग म्हणतात. बग सापडला की तो नोंदवायचा, प्रोग्रामर तो दुरुस्त करतात. 'पाणमाची २'मधले बग आम्ही झाडून काढले होते. पण मजा येत नाही, हा बग कुठे नोंदवायचा?

पहिली 'पाणमाची' माझ्या आधीच्या लोकांनी बनवली होती. धरणात बुडालेलं एक गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. तुम्ही सर्व्हेअर, पावसाच्या आत गावातलं कोडं सोडवायचं. गेम सीडीवर विकला गेला, सगळा मजकूर इंग्रजीत, चित्रं आजच्या मानाने अगदी ओबडधोबड. तरी लोक वर्षानुवर्षं मेल करून विचारायचे, दुसरा भाग कधी? आम्ही तो केला. चित्रं देखणी, संवाद मराठीत, आवाज नाटकातल्या लोकांचे. आणि आता हे. रेटिंग सुधारलं नाही तर पैसे लावणारी कंपनी तिसऱ्या भागातून अंग काढून घेणार होती. म्हणजे आमची टीम विस्कटणार होती.

"लोकांचं वय झालं, सुजाता," मीटिंगनंतर निखिल मला म्हणाला. तो आमचा प्रोड्यूसर, म्हणजे गेमचा कर्ताधर्ता. "पहिला खेळले तेव्हा शाळा-कॉलेजात होते. ते दिवस मी कुठून आणून देऊ?"

असेलही. पण रजेचं काय? मला त्या वाक्याने चैन पडेना. मी रिव्ह्यूखाली उत्तर लिहिलं की मी टीममधली आहे, तुमची रजा कशी फुकट गेली ते समजून घ्यायचंय. संध्याकाळी फोन आला. मुलीचं नाव मयूरी. कल्याणला एका हॉस्पिटलात नर्स. घर मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या रस्त्याला.

"फोनवर काय सांगू ताई? तुम्ही कुठे असता?"

"सापगावला. शहापूरजवळ."

"मग जवळच की. रविवारी या. पप्पा पण असतील."

रविवारी स्कूटर काढली. किन्हवली, सरळगाव, मग टोकावड्याचा रस्ता. भातं निसवत आली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वास सुटला होता. मयूरीचे वडील बाळारामकाका एमआयडीसीत टर्नर होते. आता शेती आणि दोन म्हशी बघतात. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः टेबलासमोर बाकावर बसले. मयूरी त्यांच्या शेजारी.

"काका, तुम्ही नेहमीसारखं खेळा. मी मागे बसते. मी नाहीच असं समजा."

याला प्लेटेस्ट म्हणतात. खेळणाऱ्याच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. कितीही चुकला तरी सांगायचं नाही. आमच्या धंद्यात हेच सगळ्यात अवघड काम आहे.

"नाय कसा समजायचा? तुमी तर बसल्यात," काका म्हणाले. पण त्यांनी माउस हातात घेतला.

दुसरा भाग सुरू झाला. पडद्यावर पिवळा बाण आला. हा बाण म्हणजे आमची हिंट, पुढे कुठे जायचं ते दाखवणारी खूण. काका बाणामागे गेले. पात्राने मराठीत सांगितलं, 'या कोठारात किल्ली शोधायला हवी.' बाण एका कणगीवर थांबला. काकांनी कणगीवर क्लिक केलं. किल्ली मिळाली. बाण दाराकडे वळला.

मी दोघांकडे बघत होते. काका बाणाकडे बघत होते. मयूरी मोबाइलकडे. मध्येच म्हैस ओरडली तसे काका उठून गेले, मग मयूरीने तसंच पुढे खेळून टाकलं. काका परत आले. मधे काय झालं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. एक अख्खं प्रकरण संपलं आणि बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

"कसा वाटला, काका?"

"बरा हाय की. चित्रा एकदम झकास. कुठं जायाचा, काय करायचा, सगळा तोच सांगतो. आपल्याला कायच तरास नाय."

तक्रार म्हणून नोंदवावं असं त्यात काहीच नव्हतं. मी मयूरीला विचारलं, पहिला भाग आहे का अजून? तिने कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरची चादर काढली.

पुढचा तास मी नोंदी घ्यायचं विसरले. पहिल्या भागात सगळा मजकूर इंग्रजी. मयूरी वाचून वडिलांना मराठीत सांगत होती, शाळेत असताना सांगायची तसंच. आणि काका दर ठिकाणी चुकीचा सल्ला देत होते.

"कंदील हिरीत सोड."

"पप्पा, आपण तेव्हा पण सोडला होता. विझला."

"दोरी लांब होती तवा. आता आखूड धर."

"दोरी तीच आहे ओ! गेम तोच आहे!"

"सोड गो तू. बघू तरी."

कंदील विझला. काका मांडीवर थाप मारून हसले. आतून मयूरीची आई ओरडली, "झाला का पुन्ना सुरू तुमचा?" दोघांनाही सगळी उत्तरं पाठ होती, तरी भांडण नव्याने चाललं होतं.

निघताना मयूरी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "पहिला गेम आम्हाला अख्खं वर्ष पुरला होता. विहिरीपाशी तर पूर्ण पावसाळा अडकलो. पप्पा कंपनीतून आले की दारातूनच सांगायचे, असं करून बघू. दुसरा आला तेव्हा मी मुद्दाम आठवड्याची रजा टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. मग पप्पा शेतावर गेले आणि मी मोबाइल घेऊन बसले."

"पण गेम चांगला आहे म्हणालीस."

"आहेच की. त्यात आमचं काम नाही, एवढंच." मग म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललेय, ताई. नोकरी लागलीय. परत इतके दिवस एकत्र कधी मिळतील माहीत नाही."

सोमवारी मी निखिलला सगळं सांगितलं.

"हिंट मी हौसेने नाही घातली," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "टेस्टमध्ये लोक अडकले की गेम बंद करून उठत होते. तूच त्या नोंदी घेतल्या आहेस."

ते खरं होतं. मी त्या नोंदी पुन्हा काढल्या. नोंदींत चूक नव्हती. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. आम्ही माणूस एकटा बोलवायचो. छोटी खोली, कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. एकटा माणूस अडकला की कंटाळतो आणि उठतो. काका-मयूरी पावसाळाभर अडकले आणि उठले नाहीत. आम्ही दोन माणसांना शेजारी बसवून कधी बघितलंच नव्हतं.

निखिलने नोंदी चाळल्या. "ठीक आहे. बाण बंद करायचं बटण देऊ. एका दिवसाचं काम."

बटण आलं. मी बाण बंद करून खेळायला बसले आणि कोठारातच अडकले. एकसारख्या दिसणाऱ्या कणग्या रांगेने ठेवलेल्या. किल्ली कोणत्या कणगीत ते मला माहीत होतं, मीच शंभरदा काढली होती. पण नवख्याने ते ओळखायचं कसं? मी कोठाराचा कोपरान् कोपरा शोधला. खूण नव्हती.

निखिलला बोलावलं. "किल्ली याच कणगीत का?"

"का म्हणजे? तिथे ठेवलीय."

"पण खेळणाऱ्याला कसं कळणार?"

"बाण..." तो म्हणाला आणि माझा माउस घेऊन स्वतःच खूण शोधायला लागला.

पुढची कोडी तपासली. बहुतेक ठिकाणी तेच. बाण दाखवणारच आहे म्हटल्यावर खुणा पेरायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाण काढला तर गेम अवघड होत नव्हता, अशक्य होत होता. आता हा मात्र बग होता. मी तो नोंदवला.

निखिलने वरच्यांशी भांडून एका प्रकरणाची परवानगी मिळवली. पहिलं प्रकरण नव्याने करायचं, चाललं तर बाकीचं बघू. मी मयूरीच्या जाण्याची तारीख सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आपण एका घरासाठी गेम नाही बनवत." पण कामाला त्याने त्याआधीचीच तारीख टाकली.

या वेळी तोही माझ्याबरोबर आला. स्कूटरवर मागे बसून, सरळगावपर्यंत पाठ दुखते म्हणून कुरकुरत.

बाळारामकाका बाकावर, मयूरी शेजारी, आम्ही मागे. कोठार आलं. बाण नाही. मजकूर होता, पण वाचून दाखवणारा आवाज आम्ही या प्रकरणापुरता काढला होता. मयूरी वाचायला लागली.

"मोठी कणगी फोड," काका म्हणाले.

रिकामी. दुसरी फोडली. त्यात चिखल. तिसरी. काका मागे वळले. "सायब, हा तुमी बनवलाय ना? मग सांगा की."

निखिलने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मला बोलायची परवानगी नाही, काका," तो म्हणाला.

"स्वतःच्या गेमात?"

मयूरी हसत सुटली. मग एकदम पुढे वाकली. "पप्पा, थांबा. भिंतीवर बघा. हा गाळाचा पट्टा."

"ओल हाय ती."

"ओल नाही. पाणी इथवर आलं होतं. खालच्या सगळ्या कणग्या बुडाल्या असणार."

"मंग?"

"मग किल्ली ठेवणाऱ्याला पाणी येणार हे माहीत होतं ना? धरण होणार म्हणून गाव उठत होतं."

काका स्क्रीनकडे टक लावून राहिले. पट्ट्याच्या वर माळा होता. माळ्यावर एक लहानशी कणगी, शेणाने लिंपलेली, लिंपण शाबूत. "वर ठेवली त्याने!" काका ओरडले. "माळ्यावर जा गो!"

किल्ली मिळाली तेव्हा निखिल खुर्चीवरून अर्धा उठला होता. त्याला ते समजलंही नाही.

त्या दिवशी ते पुढच्या कोड्यात अडकले. जेवायची हाक आली तरी अडकलेलेच होते. जेवताना काका भाकरी मोडत निखिलला सांगत होते की नांगराचा फाळ दाराच्या फटीत घालायला हवा. ते साफ चूक होतं. निखिल मान खाली घालून आमटी भुरकत राहिला.

मयूरी ठरल्याप्रमाणे जर्मनीला गेली. तिला सुट्टी असेल त्या दिवशी ती व्हिडिओ कॉल लावते, काका फोन स्क्रीनसमोर डब्याला टेकवून ठेवतात. एकटे पुढे खेळत नाहीत. फाळ फटीत बसत नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही, असं ती परवा म्हणाली.

नवं पहिलं प्रकरण आम्ही पॅच म्हणून दिलं. पॅच म्हणजे विकलेल्या गेमला मागाहून लावलेलं ठिगळ. मग एकेक करून बाकीची प्रकरणंही केली. रेटिंग वाईटवरून बऱ्यापैकीवर आलं. जुने चाहते अजून म्हणतात की पहिल्याची सर नाही, आणि ते बरोबर आहे. ठिगळ कितीही चांगलं लावलं तरी कापड पहिल्यापासून तसं विणलेलं नसतं. तिसऱ्या भागाला वरून 'हो' आलेलं नाही, 'नाही'ही आलेलं नाही.

ऑफिसात एक बदल झाला. टेस्टच्या खोलीत आता एका स्क्रीनसमोर दोन खुर्च्या ठेवतो आणि हेडफोन काढून घेतलेत. खोलीतून आरडाओरडा फार येतो, अशी शेजारच्या अकाउंट्सवाल्यांनी लेखी तक्रार केली आहे. निखिलने ती माझ्याकडे पाठवली आणि वर लिहिलं, 'बग नाही. असंच चालू द्या.'