दारावरचा पांढरा पंचा

"पंचा आहे ना दारावर? मग बाई घराबाहेर पडली. विषय संपला."

"पंचा दारावर आहे हो, दलप्रमुख. पण बाई कुठंय?"

"गेली असेल मुलीकडे."

"मुलगी ओसाकात. गाड्या सकाळपासून बंद. त्र्याऐंशीव्या वर्षी पंख फुटले का कियोनो आजींना?"

"नोबुए-सान, हळू बोला. लोक ऐकतायत."

"मी बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं, हेच तर काम दिलंय तुम्ही मला!"

लोक खरंच ऐकत होते. गावच्या सभागृहात चटयांवर दाटीवाटीने बसले होते, हातात भाताचे गोळे होते आणि कुणी खात नव्हतं. माझ्यासमोर वही होती. खालच्या वस्तीची एकसष्ट नावं, साठ खुणा. एक जागा कोरी. तिसऱ्यांदा मोजलं तरी कोरीच.

तात्सुहेई-सान आमच्या कुरासे गावच्या अग्निशमन दलाचे प्रमुख. पगारी नाहीत, आमच्यात कुणीच पगारी नाही. एरवी ते लाकूड कापायची गिरणी चालवतात, आणि बोलतातही तसेच, करवतीसारखे, एका रेषेत.

"तीन वाजता वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार," ते म्हणाले. "अडीचनंतर खालच्या रस्त्यावर आपलं एकही माणूस दिसता कामा नये. पाण्यानं दलाचीच माणसं नेऊ नयेत म्हणून हा नियम आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको."

"आत्ता किती वाजलेत?"

"दोन वाजून पाच."

"म्हणजे पंचवीस मिनिटं आहेत. चिहारु, चल."

चिहारु म्हणजे मी. शाळेत मुलांचं जेवण शिजवते, दलात नावं लिहिते. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत माझ्या डोक्यावर हेल्मेट आलं होतं.

कर्णा बसवलेला आमचा छोटा ट्रक उताराला लागला. पाऊस इतका की काच पुसणारी दांडी नुसती हात हलवून निरोप देतेय असं वाटत होतं.

नोबुए-सान गावचं केस कापायचं दुकान चालवतात. चोपन्न वर्षांच्या आहेत. गावातलं प्रत्येक डोकं त्यांच्या हाताखालून गेलंय. कुणाला कुठे टेंगूळ आहे, कुणाचे केस काळजीने गळतात, कुणाचे वयाने, सगळं त्यांना पाठ. बारा वर्षांपूर्वी गावातली तरुण माणसं शहराकडे पांगली, दलात म्हातारेच उरले, आणि नवऱ्याची पाठ धरली म्हणून त्याचा गणवेश बाह्या दुमडून यांनी चढवला. तेव्हा पुरुष हसले होते. "आता आग लागली की तिची दाढी करणार का?" नोबुए-सान म्हणाल्या होत्या, "आग गप्प बसली तर करीन. तुम्ही तर खुर्चीतही गप्प बसत नाही."

त्यांना कर्णा दिला, कारण त्यांचा आवाज. केस वाळवायच्या यंत्राच्या वर बोलून बोलून घडलेला, न ओरडता लांब जाणारा. पूर आला की दर पंधरा मिनिटांनी त्या पाणी सांगतात. मीटरमध्ये नाही, पायऱ्यांमध्ये. नदीकाठच्या आमच्या देवळाला चोवीस पायऱ्या आहेत, आणि कुठली पायरी बुडाली की कुणाच्या घरी पाणी येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अकरावी म्हणजे तोफूवाल्याचं अंगण. पंधरावी म्हणजे कियोनो आजींचा उंबरा.

पंचाही नोबुए-सान यांचाच. आठ वर्षांपूर्वीच्या पुरात दलाची माणसं रिकाम्या घरांची दारं ठोठावत बसली आणि भरल्या घराशी पोचायला उशीर झाला. त्यानंतर यांनी घरोघरी एकेक पांढरा पंचा वाटला. घर सोडलं की दाराच्या कडीला बांधायचा. दलाने पंचा पाहायचा आणि पुढे पळायचं. नदीपलीकडच्या मुकाइ वस्तीनेही तोच नियम घेतला.

देवळाच्या वळणावर ट्रक थांबला. सव्वादोन झाले होते. नोबुए-सान यांनी काच खाली केली आणि पायऱ्या मोजल्या. वरून खाली मोजल्या, कारण खालून मोजायला खालचं काही उरलंच नव्हतं.

"कुरासे दलाकडून," त्यांनी माईक तोंडाशी धरला. "पाणी पंधराव्या पायरीवर. पाणी पंधराव्या पायरीवर. सभागृहातच थांबा. सभागृहातच थांबा."

आवाज नेहमीचा. शांत, केसांना तेल लावत बोलल्यासारखा. 

"नोबुए-सान, आजी खरंच मुलीकडे गेल्या असतील तर?"

"नाही गेल्या."

"एवढ्या खात्रीनं?"

त्यांनी माईक बंद आहे ना ते दोनदा पाहिलं.

"दरवर्षी सराव होतो ना आपला, मे महिन्यात? सगळ्यांनी पंचा बांधून सभागृहात यायचं. आजींचं कंबरडं असं. त्यांना आणायचं म्हणजे दोन माणसं आणि अर्धा तास. मग पहिल्या वर्षी मी म्हटलं, आजी, तुम्ही नका येऊ, नुसता पंचा बांधा, मी खूण करते. दुसऱ्या वर्षीही म्हटलं. सात वर्षं म्हणतेय. सात वर्षं कागदावर आमची वस्ती शंभर टक्के बाहेर पडते."

मी हेल्मेटचा पट्टा आवळला. 

"आणि चिहारु, मला पोहता येत नाही. उगाच कुणाला सांगू नकोस."

पुढे ट्रक जाणं शक्य नव्हतं. आजींचं घर दीडशे पावलांवर. आम्ही कुंपणाच्या भिंतीला धरून निघालो. पाणी नडगीला लागलं, मग गुडघ्याला. पाण्याला वास होता, उकरलेल्या मातीचा आणि मोडलेल्या देवदाराचा. डोंगर कुठेतरी फाटल्याशिवाय असा वास येत नाही. त्याहून वाईट तो आवाज. नदीच्या तळातले धोंडे एकमेकांवर आपटत चालले होते, गडगड, गडगड, पायांतून वर दातांपर्यंत. गटाराचं लोखंडी झाकण कारंज्यासारखं उसळत होतं. एक सायकल आमच्या शेजारून निघून गेली, कुणी बसलेलं नसताना.

दारावर पंचा होता. पांढराशुभ्र. घट्ट दुहेरी गाठ, टोकं सारखी केलेली.

नोबुए-सान यांनी दार ढकललं, उंबऱ्याशी थांबल्या, वाकल्या आणि बूट काढायला लागल्या. घरात घोट्याच्या वर पाणी, चटया तरंगतायत, आणि ही बाई बूट काढतेय!

"अहो!" मी किंचाळले.

"अगंबाई," त्या म्हणाल्या आणि तशाच आत घुसल्या.

"असू द्या हं, आज बूट घालून आलात तरी चालेल," आतून आवाज आला. "मीही घातलेत. हे असते तर ओरडले असते."

कियोनो आजी बैठ्या मेजावर गाद्यांची चळत रचून तिच्यावर बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याचा फोटो, पायात रबरी बूट. पाहुणे येणार म्हणून सावरून बसावं तशा.

"पंचा दिसला नाही का तुम्हाला? नीट बांधला होता मी."

"दिसला, आजी."

"मग आलात कशाला? केवढा त्रास तुम्हाला. या पावसात."

"आजी, पंचा म्हणजे घर रिकामं! माणूस बाहेर!"

"असं होय?" आजी जरा विचारात पडल्या. "पण तुम्हीच म्हणता ना, आजी, नुसता पंचा बांधा, बाकी आमच्याकडे. मला वाटलं, बाकी तुमच्याकडे आहे."

नोबुए-सान यांचा चेहरा मी पाहिला नाही. त्यांनी आजींकडे पाठ केली होती आणि वाकल्या होत्या.

"या. पाठीवर या."

"नको गं. मी जड आहे."

"खुर्चीत बसवून तीस वर्षं केस कापतेय तुमचे, वजन माहितीये मला. या म्हणते ना!"

आजी पाठुंगळी आल्या. मी मागून धरलं. अंगणात पाणी आता मांडीला लागत होतं आणि त्याला ओढ होती, लहान मुलानं कपडे धरून खेचावं तशी हट्टी. वाटेतल्या चौकात एक आख्खं देवदाराचं खोड आडवं होऊन आलं. आम्ही भिंतीला चिकटलो. ते गेलं. त्याच्या फांदीनं माझ्या हेल्मेटला टिचकी मारली, इतकी हलकी की मला रडूच आलं.

"नोबुए-सान," आजी त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "तुमच्या मानेवरचे केस वाढलेत."

"हो, आजी. कापते. आधी घरी जाऊ."

मधेच माझ्या मनगटावरच्या घड्याळात अडीच वाजले. कर्ण्यावर काहीच झालं नाही. नंतर लोकांनी सांगितलं, सभागृहात अडीच वाजले आणि आवाज आला नाही, तेव्हा आधी सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग एकेक जण उभं राहिलं. कुणी कुणाला उठा म्हणालं नव्हतं. पाण्याची बातमी कितीही वाईट असो, ती त्यांना सोसत होती. ती गप्प झाली ते सोसवेना.

ट्रकपाशी पोचलो तेव्हा चाकं निम्मी बुडाली होती. आजींना मधे कोंबलं. किल्ली दोनदा फिरली, काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं. नोबुए-सान यांनी माईक उचलला. पहिला शब्द फुटलाच नाही, फक्त श्वास गेला कर्ण्यातून साऱ्या खोऱ्यात.

"कुरासे दलाकडून. पाणी सतराव्या पायरीवर. सतराव्या पायरीवर. कियोनो आजी गाडीत आहेत. कियोनो आजी गाडीत आहेत."

दोन चाळीसला आम्ही सभागृहात. कुणी आजींना घोंगडी दिली, कुणी गरम चहा. मी एकसष्टावी खूण केली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

तात्सुहेई-सान दारातच उभे होते.

"दहा मिनिटं उशीर. नियम मोडलात."

"मोडला. नंतर काय ते बोला मला. आधी वायरलेसवरून मुकाइला सांगा, पंच्यावर विश्वास ठेवू नका."

"काय?"

"पलीकडेही तोच पंचा आहे आणि तोच सराव. तिथंही न चालणारी माणसं आहेत. त्यांनीही नुसते पंचे बांधले असतील. आणि त्यांचं दल ते बघून पुढे गेलं असेल."

"आत्ता? वीस मिनिटांत दरवाजे उघडणार! मी सांगितलं तर ती माणसं परत दारोदार खाली उतरतील. वाहून गेली तर?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"नक्की माहितीये का तुम्हाला, घरात कुणी आहे म्हणून?"

"नाही."

"मग! एका म्हातारीच्या विसराळूपणासाठी मी मुकाइच्या दलाची सहा माणसं पाण्यात घालू?"

"विसराळू नाहीत त्या. मी सांगितलं होतं त्यांना. दर सरावाला मीच सांगत होते, नुसता पंचा बांधा. आणि वहीत खूण करत होते."

 तात्सुहेई-सान यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तुम्ही? दलाचा आवाज म्हणून मिरवता आणि... असलं काही चाललं होतं आणि मला पत्ता नाही?"

"असं कसं, तात्सुहेई-सान?" घोंगडीतून कियोनो आजी म्हणाल्या. हातात चहाची वाटी होती, आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "तुम्हीही होतात की. ह्याच मे महिन्यात. तुम्ही माझ्या दारातनं गेलात, मी खिडकीत बसले होते. 'शाब्बास आजी, वस्तीत पहिला पंचा तुमचा' म्हणालात. टाळ्या वाजवल्यात माझ्यासाठी. आठवत नाही?"

साठ माणसं त्यांच्याकडे पाहत होती. घड्याळात पावणेतीन झाले. पाणी सांगायची वेळ झाली होती, माईक आणि कर्णा बाहेर ट्रकवर होते, पण या खेपेला नोबुए-सान यांनी पाणी सांगितलं नाही. त्याही तात्सुहेई-सान यांच्याकडेच पाहत होत्या.

"दलप्रमुख, मुकाइला सांगणार ना?"

तात्सुहेई-सान यांनी मेजावरचं वायरलेस उचललं. बटणावर अंगठा ठेवला, काढला, आणि मुकाइला काही न सांगताच ते परत मेजावर ठेवलं. मग हेल्मेट डोक्यावर घातलं, पट्टा न बांधता, आणि दार सरकवून पावसात निघून गेले.