एका काकूंसाठी काळी दोन

डॅशबोर्डवर धार शहरातले अकरा युजर दिसत होते. धारमध्ये माझी एकच युजर होती.

मी पान पुन्हा लोड केलं. अकराच. आणि सगळ्यांची पट्टी एकच, काळी दोन.

डॅशबोर्ड म्हणजे ॲप कुठे आणि कसं वापरलं जातंय ते मला दाखवणारं पान. नावं आणि फोन नंबर त्यात येत नाहीत, मी ते मुद्दामच घेत नाही. शहर, वेळ आणि निवडलेली पट्टी, एवढंच. पट्टी म्हणजे हार्मोनियमवरची आपल्या ‘सा’ची जागा. बायका साधारण काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. काळी दोन त्याच्या बरीच खाली येते. एखादी बाई तिथे गात असेल. एकाच गावात अकरा जणी गात असतील हे मला पटेना. म्हणजे बग. ॲप एकाच फोनला अकरा वेळा मोजत असणार.

सोमवारी लाँच होतं.

माझं ॲप तानपुऱ्याचं आहे. घरी तानपुरा नसेल त्यांनी फोन समोर ठेवावा आणि रियाज करावा. इंदूरच्या कंपनीतली नोकरी सोडून मी देवासला घरी आले आणि पुढच्या खोलीत बसून ते एकटीने बनवलं. कोड माझा, चित्रं माझी, तक्रारींना उत्तरं माझी. शेवटचं काम मला सगळ्यात आवडायचं, कारण ते टाइप करून होतं. मला फोनवर बोलायचं म्हणजे आधी मनात वाक्यं जुळवावी लागतात. शाळा सगळी इंग्लिशमध्ये, बाजार हिंदीत, मराठी फक्त घरात. त्यामुळे बाहेरच्या माणसाशी मराठीत बोलताना मी अजून जपून बोलते.

धारची ती एक युजर म्हणजे शैलाकाकू. निवृत्त शिक्षिका. तिथल्या दत्तमंदिरात त्यांचं भजनी मंडळ आहे. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज खाली गेला आणि परत वर आला नाही. चाचणीसाठी ॲप वापरणाऱ्यांत त्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांची व्हॉइस नोट आली होती.

“केतकी, मी धारहून शैलाकाकू. तुझ्या ॲपात बायकांच्या पट्ट्या काळी तीनलाच संपतात. मला काळी दोन पाहिजे. ती तू पुरुषांत ठेवली आहेस. या वयात मला पुरुषांत कुठे पाठवतेस?”

मी ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ हे दोन्ही भाग काढून टाकले आणि सगळ्या पट्ट्या एका ओळीत लावल्या. माझा मावसभाऊ निखिलदादा इंदूरला एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. त्याला हे पटलं नव्हतं. तो मलाही भिया म्हणतो, म्हणजे इंदुरी ‘भैया’.

“एका काकूसाठी पूर्ण स्क्रीन बदललीस? भिया, असं तर लाँच दिवाळीलाच होईल.”

“दिवाळी होऊन गेली.”

“तेच म्हणतोय मी.”

आता त्या एका काकूच्या अकरा काकू झाल्या होत्या. मी दोन दिवस कोड तपासला. मोजणी बरोबर होती. फोन खरोखरच वेगवेगळे होते. वेळाही वेगळ्या. कोणी सकाळी सहाला, कोणी मुलं शाळेत गेल्यावर, कोणी दुपारी. कोणीच दहा मिनिटांच्या वर टिकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी काकूंना मेसेज केला की मंडळात ॲप कसं चालतं ते बघायला येऊ का. उत्तर लगेच आलं. “ये. मलाही एक तक्रार दाखवायची आहे.”

इंदूरला बस बदलून दुपारी धारला पोचले. मंदिराच्या सभामंडपात दहा-बारा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. काकू लहानखुऱ्या, गळ्याभोवती सुती स्कार्फ, समोर फोन आणि एक छोटा स्पीकर.

“दिसतेस अगदी शाळकरी,” त्या म्हणाल्या. “बस. माझी तक्रार अशी की काळी दोनला तुझा तानपुरा फार मोठा वाजतो. मला बायका ऐकूच येत नाहीत. दत्तजयंती तोंडावर आली आहे आणि आमचं भजन नुसतं तानपुऱ्याचं होऊन बसलंय.”

भजन सुरू झालं. पद्धत अशी की एक ओळ काकू म्हणणार, तीच ओळ मागून सगळ्या म्हणणार, आणि पट्टी काकूंची. सांगणाऱ्याची पट्टी तीच सगळ्यांची. काकूंचा आवाज खोल पण अगदी स्थिर होता. त्यांच्या मागून बायका ओळ घ्यायच्या, आणि सूर खाली जायला लागला की आवाज विरून जायचा. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

चहा झाला तेव्हा पेढीवाल्या सुनंदामावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. पेढी म्हणजे त्यांच्या घरची सराफी.

“बेटा, ते ॲप तूच बनवलंस ना? त्यात काकूंना दिसतं का गं, कोण कोण वापरतंय?”

“नाही. मलाही नावं दिसत नाहीत.”

“मग ठीक.” त्यांनी लवंग तोंडात टाकली. “काकूंनीच लिंक टाकली होती ग्रुपवर. आम्ही सगळ्या घरी बसून आवाज खाली न्यायची प्रॅक्टिस करतोय. दत्तजयंतीपर्यंत काकूंच्या पट्टीत यायचंय. पण होतच नाही. या आमच्या वंदनाचा तर गळाच धरलाय.”

“काकूंना सांगायचं ना, पट्टी झेपत नाही म्हणून.”

“कौन बोलेगा? तू?” त्या माझ्याकडे बघून हसल्या. “आम्ही सुना होऊन आलो तेव्हा निम्म्यांना मराठी धड वाचता येत नव्हतं. काकूंनी एकेकीला अर्थ सांगून, ओळ ओळ म्हणायला शिकवलं. माझी सासू मला रसोईत सुद्धा गुणगुणू देत नव्हती, तिच्याशी जाऊन भांडल्या. आणि ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाला आवाज गेला तर गेला, तर या चार महिन्यांत उठून परत इथे येऊन बसल्या. त्यांना म्हणू की तुमची पट्टी नको?” मग आवाज अजून खाली आणून म्हणाल्या, “तू असं कर ना. ॲपात अशी सोय दे की रोज थोडं थोडं खाली नेईल. हळूहळू.”

ही फीचर रिक्वेस्ट होती. म्हणजे युजरने मागितलेली नवी सोय. करायला फार तर एक संध्याकाळ लागली असती. पण माझी आई गाणं शिकलेली आहे, आणि गळा ओढून खाली नेला तर काय होतं ते मी घरात ऐकलेलं आहे. वंदना नावाची ती मुलगी समोर गरम पाणी पीत होती. तिच्याकडून नमस्कारसुद्धा नीट बोलून झाला नव्हता.

तेवढ्यात काकूंनी हाक मारली. “केतकी, सापडला का दोष?”

मी तानपुऱ्याचा आवाज जरा कमी केला असता, “बघते काकू” म्हटलं असतं, तर साडेचारची बस मिळाली असती. काकूंनी दत्तजयंतीला काळी दोनमध्ये ओळ सांगितली असती आणि मागून ओठ हलले असते. आमच्या कामात दोष शोधायची एक साधी रीत आहे. एकेक गोष्ट बंद करून बघायची. दोष उरला, तर तो बंद केलेल्या गोष्टीत नव्हता.

“काकू, मी आवाज निम्मा करते. पुन्हा म्हणता?”

त्यांनी म्हटलं. मागचा सूर तसाच विरला.

“अजून मोठा आहे,” काकू म्हणाल्या.

मी स्पीकर बंद केला. सभामंडप एकदम रिकामा वाटला. “आता म्हणा.”

सुनंदामावशी माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी फोनकडे बघत राहिले.

काकूंनी ओळ म्हटली. मागून ओळ आली, अर्ध्यावर खाली उतरली आणि थांबली. आता तिथे दुसरा कुठला आवाजच नव्हता. काकू मागे वळल्या नाहीत. मग त्यांनी माझ्याकडून फोन घेतला, चष्मा वर केला आणि स्वतःच्या बोटाने पट्टी वर नेली. काळी तीन. काळी चार. तानपुरा सुरू केला.

“म्हणा,” त्या म्हणाल्या. “मी आधी म्हणणार नाही. तुम्हाला पाठ आहे.”

बायकांनी म्हटलं. पहिल्या ओळीला भीत भीत, दुसऱ्या ओळीला सगळा मंडप भरून. वंदना गळा जपत नुसती टाळी देत होती. काकू टाळ धरून ऐकत होत्या. त्यांनी एकदा तोंड उघडलं, सूर तिथपर्यंत गेला नाही, आणि त्यांनी ते हळूच मिटलं.

भजन संपल्यावर त्यांनी विचारलं, “किती दिवस?”

“तुम्ही परत येऊन बसलात तेव्हापासून, काकू,” सुनंदामावशी म्हणाल्या. “पण आम्ही घरी प्रॅक्टिस करतोय खाली यायची. रोज.”

“सगळ्या?”

काकूंनी एकेकीकडे पाहिलं.

“गळा म्हणजे काय विहिरीतली बादली वाटली तुम्हाला, दोर सोडला की खाली जायला? शिकवलं मी हेच का?” मग वंदनाला म्हणाल्या, “आठवडाभर गायचं नाही. ज्येष्ठमध चघळ. आणि रडू नकोस, गळा अजून बसेल.” वंदना रडत नव्हती. स्कार्फच्या टोकाने डोळे काकूंनीच पुसले.

मला बस स्टँडवर सोडायला सुनंदामावशींचा मुलगा गाडी काढत होता, तेव्हा काकू पायरीपर्यंत आल्या.

“मला माझ्या पट्टीत एक तरी अभंग म्हणायचाय,” त्या म्हणाल्या. “मग लगेच यांची पट्टी लावायची. मध्ये थांबायला नको. होईल?”

“होईल,” मी म्हटलं. मनात वाक्य न जुळवता म्हटलं, हे मला बसमध्ये लक्षात आलं.

सोमवारचं लाँच मी पुढे ढकललं. निखिलदादाला फोन करून सांगितलं.

“अब क्या हुआ?”

“एक बटण घालायचंय. दोन पट्ट्या लावून ठेवायच्या, एका टचला बदलायच्या.”

“कोणासाठी?”

“धारसाठी.”

“आणि ते अकरा युजर? बग सापडला?”

“बग नव्हता.”

दत्तजयंतीला मी गेले. काकूंनी पहिला अभंग एकटीने काळी दोनमध्ये म्हटला आणि बायका नुसत्या बसून ऐकत होत्या. कोणाचे ओठ हलले नाहीत. मग काकूंनी बटण दाबलं. तानपुरा वर गेला आणि पुढची ओळ सुनंदामावशींनी सांगितली. काकू टाळ वाजवत राहिल्या. एका ठिकाणी मावशी शब्द चुकल्या, तर काकूंनी टाळ न थांबवता तो मोठ्याने सांगितला.

लाँच त्यानंतर झालं. ते बटण एकत्र गाणाऱ्या नवरा-बायकोंना आवडलं, आणि मुलींना शिकवणाऱ्या वडिलांना. मला ते आधी सुचलं नव्हतं. रोज थोडं थोडं खाली नेणारी सोय मी अजून बनवलेली नाही आणि बनवणार नाही.

तक्रार करणाऱ्याला काहीतरी बिघडलंय हे बरोबर कळलेलं असतं. बिघाड कुठे आहे ते मात्र तो सांगेल तिथेच असेल असं नाही. ते तिथे जाऊन बसल्याशिवाय कळत नाही, आणि मला तर गेल्यावरही स्पीकर बंद करावा लागला.