धुतलेली फणी

मला घाण सहन होत नाही, आणि हा माझा मोठा गुण आहे असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होते. शाळेत माझी चाहूल लागली की पोरं बाकाखालचे कागदाचे कपटे वेचायला लागतात. अकोल्याच्या घरी मी झाडू हातात घेतला की नवरा मुकाट चपला घालतो आणि पान खायला जातो. त्या दिवाळीच्या सुट्टीत अचलपूरला बाबांकडे गेले ती अशीच कंबर कसून.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून पुढच्या खोलीतला माग बंद होता. आमचा खड्ड्याचा माग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी खालच्या पावड्या दाबायच्या आणि हातांनी लाकडी धोटा इकडून तिकडे फेकायचा. एकेकाळी आमच्या गल्लीत दाराआड दार खटखटत असायचं. आता माग म्हणून तेवढा एकच उरला होता, आणि त्यावर बाबा टोपी आणि वर्तमानपत्र ठेवायचे.

पण त्या दिवाळीत त्यांनी आपणहून विषय काढला. माझ्या मुलीला सातवा महिना लागला होता. आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल बाबांनी विणलेल्या दुपट्यात गुंडाळलं गेलंय. मी, माझा भाऊ, माझी मुलगी.

"पणतू येऊन राह्यला," बाबा म्हणाले, "त्याले का आता दुकानातलं दुपटं गुंडाळता? उद्या सूत आणतो. एक ताणा बसवतो."

दोन वर्षांत ते एवढं सलग बोलले नव्हते. मी लगेच अमरावतीला मुलीला फोन लावला, तर ती रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सूत बघायला परतवाड्याला गेले आणि मी पदर खोचला. ते येईपर्यंत माग लखलखीत करून ठेवायचा होता. धोटा पुसून त्याला तेल लावलं. मग फणी काढली. फणी म्हणजे बांबूच्या बारीक काड्या शेजारीशेजारी घट्ट बांधून केलेली लांबट चौकट. काड्यांमधल्या फटींतून ताण्याचे उभे धागे जातात, आणि विणताना तिनंच ठोकून कापड दाट करतात. त्या फटींतून आणि फणीमागच्या दोऱ्याच्या कड्यांतून जुन्या धाग्यांची वीत-वीतभर टोकं लोंबत होती. धुळीनं काळी झालेली, जळमटात गुंतलेली. मी कात्री घेतली. सगळी टोकं कापून उपसून काढली, फणी नळाखाली ब्रशनं घासली आणि सावलीत वाळत घातली. बांबूचा मूळचा पिवळा रंग वर आला. टोकांचा गोळा मी घंटागाडीत टाकला आणि फणीचा फोटो मुलीला पाठवला. इतकी खूश होते मी!

बाबा आले, सुताची पिशवी खाली ठेवली आणि फणीवरून हात फिरवला.

"दश्या कुठी गेल्या?"

"कोणत्या दश्या?"

"याच्यात होत्या त्या."

"त्या काळ्या होत्या, बाबा. घंटागाडीत टाकल्या."

ते खड्ड्याच्या काठावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझा तापटपणा त्यांच्याकडूनच आलाय. पण ते नुसते फणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते तुह्या मायनं ओवलं होतं."

मी विणकराची मुलगी, पण मला मागाजवळ कधी येऊ दिलं नव्हतं. तू शाळा शिक, एवढंच ऐकत आले. त्यामुळे जे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं ते मला या वयात कळलं. कापड पुरं झालं की विणकर ते कापून घेतो, पण धाग्यांची टोकं फणीत तशीच ठेवतो. पुढच्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकाला राख लावून पिळायचा आणि सगळे हलकेच ओढून घ्यायचे. नवे धागे जुन्यांच्या मागे आपापल्या फटीत जातात. टोकंच गेली तर मात्र हजारभर धागे पहिल्यापासून ओवावे लागतात, आधी कडीतून, मग फटीतून. त्याला दोन माणसं लागतात. मागून एकानं क्रमानं धागा द्यायचा, पुढून दुसऱ्यानं आकड्यानं ओढायचा. मागे बसणारं माणूस आमच्या घरात आई होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

तीन दिवस मी आईच्या जागेवर बसले. बाबांचा हात थरथरतो. धोटा फेकायला ते चालतं, दंडाला सवय असते, पण आकडा फटीत घालायला बोटं स्थिर लागतात. त्यात मी धांदरट. एका फटीत दोन धागे, पुढची फट रिकामी. एक चुकला की त्याच्यापुढचे सगळे काढायचे. तिसऱ्या दुपारी कुठे चार बोटं रुंद भरलं होतं, आणि तेव्हा बाबांना दिसलं की चूक अगदी सुरुवातीलाच झालीय. त्यांनी धागे उपसायला सुरुवात केली. मला माझ्या हातांची किळस आली.

गल्लीत विचारून आले. ओवणारा एक जण ऑटो चालवतो, तो म्हणाला विसरलो. दुसरे अंथरुणाला खिळलेले. शेजारच्या काकांनी सांगितलं की नागपूरला लोखंडी फणी मिळते.

"भेटते ना," बाबा म्हणाले, "पण ओवाले लोखंडाचं माणूस भेटते का?"

त्याच संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, कुठवर आलं दुपटं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाई जमत वो माय आता. डोये गेले माहे."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. फोन माझ्याच हातात होता. रोज पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी मी, फोन नीट त्यांच्या तोंडासमोर धरून उभी राहिले.

मुलगी घाबरली. मोतीबिंदू काढून झालाय, तरी असं कसं? तिनं परस्पर अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी बाबांना घेऊन एसटीनं निघाले. वलगाव येईपर्यंत तीनदा ठरवलं की आता मुलीला सांगायचंच. बाबा खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते, अगदी बारीक जाहिरातींसकट.

दवाखान्यात मुलगी आधीच येऊन थांबली होती. एवढं पोट घेऊन तिनं आजोबांचा दंड धरला आणि त्यांना आत नेलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून समोरच्या तक्त्याकडे बोट केलं.

"सगळ्यात वरचं अक्षर वाचा, आजोबा."

तळहाताएवढा 'क' होता. मला तो दारातून, चष्म्याशिवाय दिसत होता. बाबांनी तक्त्याकडे पाहिलं, आणि मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"नाई दिसत," ते म्हणाले.

मुलीनं तोंडावर हात ठेवला. मी दाराच्या काचेवरचा डाग पदरानं पुसत राहिले.