ओलं कपाळ
सॅनिटायझरचा वास आला की रावेरच्या आमच्या शाळेचं फाटक आठवतं. कोरोनात बंद पडलेली शाळा उघडली, तेव्हा पोरांचा ताप मोजायची बंदूक माझ्या हातात होती. केळीच्या पॅकिंगला जाणारी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीचे डोळे लालभडक, कपाळ मात्र ओलं. बंदुकीत ताप दिसेना. "ताई, कपाळ पुसलंत का?" मी विचारलं. "घाम होता, सर," ती म्हणाली. तिच्या पदराचं टोक पाण्याने निथळत होतं. पलीकडे मजुरांचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. मनगटावर मोजलं असतं तर खरं कळलं असतं. पण ताप निघाला की शाळा बंद, अन् शाळेबरोबर माझा पगारही. मी पोरीला आत सोडलं. तिच्या शेजारी कुणाला बसवलं, ते आज आठवत नाही. की मीच आठवू देत नाही?