धनगरवाडीचा चौथा खांदा

जामखेड मागे पडले आणि निजामसरकारच्या हद्दीवर, करोडगिरी नाक्याशी (जकातचौकीशी) आमची गाडी अडवली गेली. शिपायाने माझी पेटी उघडायला लावली. आत क्विनाईन, साबुदाणा, एक धाबळी आणि शुभवर्तमानाची प्रत. प्रत चाळून तो म्हणाला, "किरिस्ताव हाय का तुमी? मोगलाईत कुणीकडं?"

"धर्मापुरीच्या बाजूला," माझे यजमान म्हणाले. "एक बाई आजारी आहे."

ती बाई म्हणजे गयाबाई. दुष्काळात ती आणि तिचा नवरा म्हस्कू मेंढरे घेऊन नगरकडे आले होते. आमच्या मिशनच्या इस्पितळात तिचे दुखणे काढले, आणि तिथेच दोघांनी बाप्तिस्मा घेतला. परत गेल्यावर म्हस्कूने बिरोबाच्या जत्रेत ढोल धरला नाही, आणि भावकीने त्यांना वाळीत टाकले. आता गयाबाई अंथरुणाला खिळल्याचे घोंगड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून कळले, म्हणून आम्ही निघालो होतो.

उन्हाळ्याचे दिवस. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. मांजरसुंब्याच्या घाटात गाडीचा कणा मोडला. गाडीवान दाऊदमियाँ सुताराच्या शोधात गेले, आणि आम्ही उघड्या डोंगराखाली दिवसभर तिष्ठत बसलो. एका म्हातारीने हुलग्याचे माडगे (पातळ पिठले) दिले. ते गरम गरम पिऊन घेतले. इतका उशीर परवडणार नाही, असे मन सांगत होते.

मोमिनाबाद (आपले आंबेजोगाई) ओलांडून धर्मापुरीला आलो. तिथल्या जुन्या देवळाच्या काळ्या दगडांवर कोरलेल्या मूर्ती उतरत्या उन्हात दिसल्या. एरवी मी खाली उतरून पाहिल्या असत्या. पुढच्या धनगरवाडीत विहिरीवरच्या बाईला म्हस्कूचे घर विचारले.

"त्या बाटग्याचं खोपट? वढ्याच्या पल्याड. कावून चाललात तिकडं?" एवढे बोलून तिने घागर उचलली.

या विहिरीवर म्हस्कूला मनाई होती. ओढ्याच्या वाळूत झिरा (पाझराचा खड्डा) खणून तो वाटीवाटीने पाणी भरत होता. आम्हाला पाहून उठला. खोपटात घोंगडे अंथरले.

गयाबाईने मला ओळखले. ओठ सुकले होते. मी चमच्याने मेंढीचे दूध पाजले, ते ओघळून गेले. क्विनाईनची वेळ टळली होती. दिवस मावळताना तिने म्हस्कूला जवळ बोलावले.

"माझ्यापायी माघारी फिरू नगा," ती म्हणाली. मग येशूचे नाव घेतले. ते नाव ओठांवर असतानाच तिचा श्वास थांबला.

सकाळी म्हस्कूने लिंबाच्या फांद्यांची तिरडी बांधली. गावाच्या जागेत मूठमाती द्यायला पाटलाने नकार दिला होता. उरला म्हस्कूचा माळावरचा पडीक तुकडा. वाट खडकाळ, गाडी चढण्यासारखी नव्हती.

तेवढ्यात ओढ्यापलीकडे माणसे जमली. पुढे म्हस्कूचा थोरला भाऊ धोंडू, हातात बिरोबाच्या भंडाऱ्याची (हळदीची) पिशवी.

"म्हस्क्या," तो तिथूनच ओरडला, "कपाळाला भंडारा लाव. येवढंच कर. सारी वाडी खांदा देईल. गया आमचीबी लेकच हुती रे!"

त्याचे डोळे वाहत होते. ते ढोंग नव्हते. तिला आपल्या माणसांच्या खांद्यावरून जायला मिळावे, असे क्षणभर मलाही वाटून गेले.

म्हस्कूने तिरडीची गाठ आवळली.

"दादा, तुमच्या खांद्यावर जायला तिला लई आवडलं असतं. पर ज्याचं नाव घेत तिनं जीव सोडला, त्याला मी आता न्हाई कसा म्हनू?"

पलीकडून कोणी हलले नाही. म्हस्कू वाकला. यजमान दुसऱ्या बाजूला गेले. दाऊदमियाँ बैल सोडून आले, टोपी नीट करून म्हणाले, "मयताला खांदा देताना जात न्हाई इचारत. आमच्यात सवाब (पुण्य) म्हनतात त्याला."

चौथी बाजू मोकळी होती. बायका स्मशानात जात नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी पदर खोचला आणि चौथा खांदा दिला. गयाबाई इतकी हलकी झाली होती की मला रडू फुटले.

माती देऊन झाल्यावर यजमानांनी म्हस्कूला नगरला चलण्याचा आग्रह केला. तिथे काम मिळेल, सोबत मिळेल.

"मेंढरं कुणाच्या हवाली करू?" तो म्हणाला. मग ओढ्याकडे पाहिले. लोक पांगले होते, धोंडू मात्र अजून तिथेच बसलेला. "अन् दादानं आज मला हाक मारली, सायब. लई दिसांनी. मी गेलो, तर तो हाक कुनाला मारील?"

आम्ही परतीची वाट धरली. जामखेडला दाऊदमियाँनी निरोप घेतला.

रविवारी नगरच्या ख्रिस्ती देवळात ओळखीच्या बायांनी मला घेरले. एकीने हौसेने विचारले, "मोगलाईत आपली ख्रिस्ती मंडळी किती वाढली हो?"

"दोघे होते," मी म्हणाले. "आता एकच आहे."

पेटीवर सूर लागला, भजन सुरू झाले. शेदोनशे गळ्यांच्या आवाजात विश्वास धरणे किती सोपे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. पाळकांनी प्रार्थना केली आणि सारे देऊळ एका आवाजात 'आमेन' म्हणाले. त्याच वेळी तिकडे माळावर म्हस्कूनेही प्रार्थना केली असेल. त्याच्यामागून आमेन म्हणायला तिथे कोणी नव्हते.